लॅपटॉपबरोबर सॉफ्टवेअरचंही बिल माग

चि. मनूस,


इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षासाठी तू लॅपटॉप घेणार आहेस, असं ताईनं कळवलं. रॅम किती, प्रोसेसर कोणता, हे तू बघून ठेवलंच असशील. त्यात मला काही सांगायचं नाही. पण मशीनमध्ये कोणतं सॉफ्टवेअर येतं, ते कोणी भरलं आणि ते बिघडलं तर मूळपदावर कसं आणायचं, हे दुकानात क्वचितच कोणी विचारतं. हे पत्र त्यासाठी.

मुंबईचा लॅमिंग्टन रोड असो, दिल्लीचं नेहरू प्लेस असो की गावातलं एखादं दुकान, एक वाक्य सगळीकडे ऐकू येतं: “डॉसवाला घ्या, स्वस्त पडेल, विंडोज आम्ही मारून देतो. ऑफिस, अँटिव्हायरस, सगळं लोड करून देऊ.” डॉसवाला लॅपटॉप म्हणजे विंडोजच्या परवान्याशिवाय विकलेलं मशीन. ते विकण्यात किंवा घेण्यात गैर काही नाही. गैरप्रकार पुढे काउंटरवर घडतो. दुकानातला पोरगा खिशातला पेन ड्राइव्ह लावतो, विंडोज चढवतो आणि ते ‘ॲक्टिव्हेट’ करणारा क्रॅक चालवतो. त्याआधी तो विंडोजचा स्वतःचा अँटिव्हायरस बंद करतो, कारण चालू ठेवला तर क्रॅक पकडला जातो. पुष्कळदा तो फोल्डर ‘तपासू नये’ अशा यादीत कायमचा घातलाही जातो. ग्राहक घरी नेतो ते मशीन कोरं करकरीत दिसतं, पण त्याचा पहारेकरी आधीच रजेवर गेलेला असतो.

2018 मध्ये मायक्रोसॉफ्टनं भारतासह आशियातल्या 9 बाजारपेठांत दुकानांतून 166 नवे संगणक विकत घेऊन तपासले. त्यांतल्या 83 टक्के संगणकांवर चोरीचं सॉफ्टवेअर होतं आणि अशा संगणकांपैकी 84 टक्क्यांमध्ये मालवेअर सापडलं. ही पाहणी सॉफ्टवेअर विकणाऱ्या कंपनीनंच केली, त्यामुळे तिचा स्वार्थ त्यात आहेच. पण दुकानातून घेतलेल्या नव्या संगणकातलं मालवेअर पुढे कुठवर पोचतं, हे त्याआधी न्यायालयासमोरही आलं होतं.

2011 मध्ये याच कंपनीच्या तपासनीसांनी चीनच्या वेगवेगळ्या शहरांतून 20 संगणक विकत घेतले, 10 डेस्कटॉप आणि 10 लॅपटॉप. त्यांतल्या चारांमध्ये खोट्या विंडोजबरोबर मालवेअर निघालं. एका मशीनमधला ‘निटॉल’ नावाचा प्रकार तर चालू होताच आपल्या मालकाशी संपर्क साधू पाहत होता. तो पेन ड्राइव्हवरूनही पसरायचा. सप्टेंबर 2012 मध्ये अमेरिकेतल्या व्हर्जिनियाच्या न्यायालयानं निटॉलशी जोडलेल्या ज्या डोमेनचा ताबा मायक्रोसॉफ्टला दिला, त्याच्या सुमारे 70 हजार उपडोमेनांवर 500 प्रकारचं मालवेअर नांदत होतं. वापरणाऱ्याचा मायक्रोफोन आणि कॅमेरा दुरून चालू करू शकणारे प्रकारही त्यात होते. त्या चार मशीनमध्ये मालवेअर यायला कोणाला संशयास्पद साइटवर जावं लागलं नव्हतं. फक्त दुकानात पैसे मोजले होते.

मग सीलबंद खोकं घेतलं की काम झालं? बहुतांशी हो, पूर्णपणे नाही. 2014 च्या उत्तरार्धात लेनोव्होनं आपल्या काही लॅपटॉपवर ‘सुपरफिश’ कंपनीचं जाहिरातींचं सॉफ्टवेअर कारखान्यातच भरलं होतं. बँकेशी होणारा सुरक्षित संवादही ते मध्येच उघडत असे, आणि त्यासाठी सगळ्या मशीनवर एकच गुप्त किल्ली वापरलेली होती. म्हणजे अख्ख्या सोसायटीच्या कुलपांना एकच चावी. फेब्रुवारी 2015 मध्ये एका संशोधकानं त्या किल्लीचा पासवर्ड शोधून जाहीर केला, तेव्हा गहजब झाला. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशननं आणि 32 राज्यांनी 2017 मध्ये कंपनीशी तडजोड केली, आणि कंपनीला राज्यांना 35 लाख डॉलर द्यावे लागले. डेलच्या मशीनमध्येही नोव्हेंबर 2015 मध्ये अशाच जातीचं एक प्रमाणपत्र सापडलं आणि कंपनीला ते काढून टाकण्याची सोय द्यावी लागली.

आता रिकव्हरीचं, म्हणजे बिघडलेलं मशीन मूळपदावर आणण्याचं. पूर्वी ब्रँडेड संगणकाबरोबर सीडी यायची. कंपन्यांनी खर्च वाचवायला ती बंद केली आणि मूळ सॉफ्टवेअर हार्ड डिस्कच्याच एका लपलेल्या भागात ठेवायला सुरुवात केली. दुकानदार जुनी डिस्क काढून एसएसडी बसवून देतो तेव्हा तो भागही डिस्कबरोबर जातो, आणि ग्राहकाला याचा पत्ताही नसतो. मग मशीन अडलं की पुन्हा तोच दुकानदार, तोच पेन ड्राइव्ह.

अशा वेळी कोणी छापील लेबलची डिस्क पुढे केली तर एरिक लुंडग्रेनचा खटला आठव. अमेरिकेत ई-कचऱ्यातले संगणक पुन्हा वापरात आणणाऱ्या या माणसानं चीनमध्ये डेलच्या रिकव्हरी डिस्कच्या 28 हजार प्रती करवून घेतल्या. लेबलं थेट मूळ डिस्कसारखी. 2012 मध्ये अमेरिकी कस्टम्सनं माल पकडला. पुढे त्याला 15 महिन्यांची कैद आणि 50 हजार डॉलरचा दंड झाला, आणि 2018 मध्ये अपिलातही ही शिक्षा कायम राहिली. परवाना असलेल्या संगणकावरच चालणाऱ्या आणि कंपनी फुकट देते त्या सॉफ्टवेअरच्या प्रतींना एवढी शिक्षा का, यावर तिकडे मोठा वाद झाला. तुझ्यासाठी त्यातल्या दोन गोष्टी कामाच्या आहेत. डिस्क म्हणजे परवाना नव्हे. आणि लेबलावर कंपनीचं नाव आहे म्हणून ती कंपनीकडून आली असं ठरत नाही.

तेव्हा परवान्यासह येणारं मशीन घे आणि बिलावर ‘विंडोज 11 होम’ असं स्पष्ट लिहून घे. बिलावरचा सीरियल नंबर खोक्यावरच्या आणि मशीनच्या पाठीवरच्या नंबराशी जुळवून बघ. पैसे कमी पडत असतील तर डॉसवाला घे आणि त्यावर उबुंटू टाक. ते कायदेशीर आहे, फुकट आहे आणि तुझ्या अभ्यासक्रमाला उपयोगीही पडेल. ऑफिससाठी लिबरऑफिस आहे. कॉलेजचा ईमेल मिळाला की मायक्रोसॉफ्टची विद्यार्थ्यांसाठीची सोय मिळते का, तेही विचार.

सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे मशीन पहिल्यांदा तूच चालू कर. “सेटअप करून देतो” म्हणून दुकानदारानं स्वतःचं मायक्रोसॉफ्ट खातं टाकलं, तर नव्या विंडोजमध्ये डिस्क आपोआप कुलूपबंद होऊन तिची 48 आकडी रिकव्हरी की त्याच्या खात्यात जाऊन बसू शकते. परीक्षेच्या आदल्या रात्री मशीननं ती की मागितली तर तू कोणाला फोन करणार?

घरी आणल्यावर तीन गोष्टी तपास. विंडोज सिक्युरिटीत ‘एक्सक्लूजन्स’ची यादी उघड. नव्या मशीनवर ती रिकामी हवी. मग कमांड प्रॉम्प्टवर एस-एल-एम-जी-आर, एक जागा, तिरकी रेघ आणि डी-एल-आय असं टाइप कर. उघडणाऱ्या छोट्या चौकटीत ‘ओईएम डीएम’ दिसलं तर परवाना कारखान्यातूनच मशीनमध्ये आलेला आहे. ‘व्हॉल्यूम केएमएस क्लायंट’ दिसलं तर थांब. हा मोठ्या कंपन्या आणि विद्यापीठांसाठीचा प्रकार आहे, दर 180 दिवसांत त्याचं नूतनीकरण लागतं आणि दुकानातल्या नव्या लॅपटॉपवर त्याचं काही काम नाही. तिसरं म्हणजे ‘रिकव्हरी ड्राइव्ह’ शोधून 32 जीबीच्या कोऱ्या पेन ड्राइव्हवर तो बनवून ठेव. शंका आली तर मायक्रोसॉफ्टच्या अधिकृत साइटवरून 8 जीबीच्या पेन ड्राइव्हवर विंडोज उतरवून घेता येतं. तेही फुकट. सगळं पुसून त्यावरून नव्यानं टाक. मशीन परवान्यासह आलं असेल तर की बहुधा मदरबोर्डमध्येच असते, कोणाकडे मागावी लागत नाही.

कायद्याचंही सांगतो. कॉपीराइट कायद्याच्या कलम 63 ब नुसार चोरीचं सॉफ्टवेअर जाणूनबुजून वापरणाऱ्याला 7 दिवसांपासून 3 वर्षांपर्यंत कैद आणि 50 हजारांपासून 2 लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. धंद्यासाठी वापर नसेल तर न्यायालय कैद माफ करू शकतं, पण गुन्हा तो गुन्हाच. उलट, परवान्याचे पैसे घेऊन दुकानदारानं खोटं विंडोज दिलं तर फसवला गेलेला ग्राहक तू असशील. अशा वेळी 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदव. तिथे भागलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग आहे, आणि 5 लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला तिथे शुल्कही नाही. मात्र हातात पक्कं बिल हवं. कच्च्या चिठ्ठीवर हजार रुपये वाचत असतील तरी ती घेऊ नकोस.

दुकानात जाण्याआधी मॉडेलचा नंबर आणि कोटेशन मला पाठव, बघून लगेच कळवतो. ताईला नमस्कार सांग.

तुझा,
मामा