हरवलेली ठिणगी

पावसाळा सुरू झाला, की मोटारसायकली दुरुस्त करणाऱ्या मेस्त्रीच्या दुकानापुढे निराळीच गर्दी दिसू लागते. गाडीचा एकही भाग मोडलेला नसतो, टाकीत पेट्रोल असते, चाकांत हवा असते. तरीही कितीही किका मारल्या, तरी गाडी काही केल्या सुरू होत नाही. कोणाची गाडी चालता चालता आचके देते, कोणाचा कर्णा मुका होतो, तर कोणाचा ब्रेकचा लाल दिवा ब्रेक न दाबताही जळत राहतो. आणि नवल असे, की दुपारी ऊन पडले, म्हणजे यांपैकी निम्म्या गाड्या आपोआप बऱ्या होतात! दोष गेला असे समजून मालक घरी जातो आणि पुढच्या सरीला पुन्हा रस्त्यात अडकतो.

हा खेळ पाणी आणि वीज यांचा आहे. अगदी शुद्ध पाण्यातून वीज सहजासहजी वाहत नाही, हे ऐकून पुष्कळांना आश्चर्य वाटेल. परंतु रस्त्यावरचे पाणी शुद्ध कोठे असते? त्यात माती, धूळ व निरनिराळे क्षार विरघळलेले असतात. समुद्रकाठी तर हवेतले मीठही त्यात मिसळते. असे पाणी विजेला वाट करून देते.

मोटारसायकलमध्ये दोन प्रकारच्या दाबांची वीज खेळत असते. दिवे, कर्णा, गाडी सुरू करणारी लहान मोटर यांना बॅटरीची १२ व्होल्टची वीज पुरते. पेट्रोल आणि हवा यांचे मिश्रण पेटवणाऱ्या ठिणगीला मात्र तेवढ्याने भागत नाही. प्लगच्या दोन टोकांत एक मिलिमीटरहूनही कमी अंतर असते. पण ते ओलांडण्यासाठी विजेचा दाब १० हजार व्होल्टच्या वर न्यावा लागतो. हे काम कॉइल करते. तिच्या पोटात तारेची दोन वेटोळी असतात. कमी वेढ्यांच्या जाड वेटोळ्यातील प्रवाह एकाएकी बदलला, की हजारो वेढ्यांच्या बारीक वेटोळ्यात क्षणभर प्रचंड दाब उत्पन्न होतो. तेथून निघालेली जाड रबरी तार प्लगच्या टोपीत शिरते. इंजिन मिनिटाला चार हजार फेरे घेत असेल, तर चार टप्प्यांच्या इंजिनात मिनिटाला दोन हजार वेळा मिश्रण पेटवावे लागते. एवढ्या घाईत एखादी ठिणगी चुकली, तरी चालकाला लगेच हिसका बसतो.

वीज नेहमी सोपी वाट शोधते. प्लगची टोपी फुटकी वा सैल असली आणि तिच्यावर ओल साचली, तर ठिणगी आत न पडता बाहेरूनच इंजिनाच्या धातूवर उडी घेते. यात आणखी एक गंमत आहे. इंजिनावर भार पडला, की आतील मिश्रण अधिक दाबले जाते. आणि दाबलेल्या मिश्रणातून ठिणगी पाडणे अधिक कठीण असते. म्हणून सपाटीवर नीट चालणारी गाडी चढावर मात्र धापा टाकू लागते. जाणता मेस्त्री गाडीला हात लावण्यापूर्वी ‘गाडी कोठे बंद पडली?’ असे विचारतो, ते उगीच नव्हे.

एका मासेविक्रेत्याचे उदाहरण घ्या. ऑगस्टमध्ये मासेमारी पुन्हा सुरू झाली, की वेंगुर्ल्याच्या किनाऱ्यावरून पहाटे मासळी घ्यायची, बर्फ घालून पेटीत भरायची आणि आंबोली घाट चढून आजऱ्याच्या बाजारात न्यायची, हा त्याचा क्रम. आंबोलीला वर्षाकाठी सात हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस पडतो. एकाच आठवड्यात त्याची गाडी घाटात तीनदा बंद पडली. बर्फ वितळत होता, बाजाराची वेळ टळत होती, आणि उधारीवर घेतलेली मासळी पेटीत नरम पडत होती. त्याने दोनदा प्लग बदलला, पेट्रोलची टाकी धुऊन घेतली. गुण आला नाही.

“मेस्त्री, घाट चढून वर आलं, की गाडी सुतासारखी चालते. आता तुम्हीच सांगा, दोष कुठला?” त्याने काकुळतीने विचारले.

“वर येईपर्यंत पाऊस थांबतो का?”

“थांबतो. तासभर मी झाडाखाली उभाच असतो ना!”

“मग दादा, गाडी दिवेलागणीपर्यंत माझ्याकडे ठेवा,” मेस्त्री म्हणाला.

कोरड्या गाडीत ओलीचा दोष सापडत नाही. तो पुन्हा घडवून आणावा लागतो. संध्याकाळी अंधारून आल्यावर मेस्त्रीने मोकळ्या हवेत इंजिन सुरू केले आणि न्हाव्याकडे असते तशी पाण्याची फवाऱ्याची बाटली घेतली. सारी गाडी एकदम भिजवण्याचा मोह त्याने टाळला. सारेच भिजले, तर दोष दिसेल, पण जागा कळणार नाही. आधी त्याने मुठीजवळच्या बटणांवर पाणी उडवले आणि थोडा वेळ वाट पाहिली. इंजिन चालतच राहिले. मग कॉइलवर उडवले. तरी फरक नाही. नंतर प्लगच्या टोपीवर चार थेंब पडताच इंजिन अडखळले, आणि टोपीच्या बुडाशी एक बारीक निळसर रेघ चटचट आवाज करीत धातूवर झेपावताना अंधारात स्पष्ट दिसली. इंजिन थांबवून टोपी काढली, तेव्हा तिच्या अंगावर केसाएवढी चीर होती आणि चिरेत काळी रेषा उमटली होती. ठिणगी एकाच वाटेने वारंवार गेली, म्हणजे ती वाट जळून कोळशासारखी होते आणि पुढच्या ठिणगीला अधिकच सोयीची होते. नवी टोपी थोड्या पैशांत आली. प्लग आणि टाकी यांवर मासेविक्रेत्याने केलेला सारा खर्च मात्र वाया गेला होता. इंजिन चालू असता या तारेला बोट लावणे अत्यंत धोक्याचे असल्याने ही परीक्षा जाणत्या माणसानेच करावयाची असते.

१२ व्होल्टच्या तारांतील दोष याहून संथ असतो. कल्हई उडालेल्या पितळेच्या भांड्यात ताक ठेवले, तर ते कळकते, हे प्रत्येक घरातील आजीला ठाऊक असते. तारांच्या जोडांतही असेच काहीसे घडते. तेथे ओल राहिली, की तांबे व पितळ यांवर हिरवा थर चढतो आणि त्यातून प्रवाह धडपणे जात नाही. दिवा मंद जळतो, कर्णा घोगरा होतो. असा जोड शोधण्यासाठी मेस्त्री दोन तारा जोडलेला एक लहान दिवा वापरतो. एक तार गाडीच्या सांगाड्याच्या उघड्या धातूला लावायची आणि दुसरी संशयित तारेच्या मध्यावरील जोडाला. दिवा नीट पेटला, तर बॅटरीपासून तेथवरची वाट चांगली. दोष पुढच्या अर्ध्या भागात. नाही पेटला, तर दोष मागे. असे निम्मे-निम्मे करीत गेले, तर दहा जोड उघडण्याऐवजी तीन-चारांतच काम भागते.

फ्यूज पुनःपुन्हा उडत असेल, तर तो रखवालदाराचा ओरडा समजावा. कित्येक जण फ्यूजच्या जागी तांब्याची जाड तार किंवा सिगारेटच्या पाकिटातील चंदेरी कागद घालून रखवालदारालाच गप्प करतात. मग फ्यूजऐवजी तारांची वेष्टने वितळतात, आणि वर पेट्रोलची टाकी असते!

पुरात बुडालेल्या गाडीची गोष्ट आणखी वेगळी. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णा व पंचगंगा यांना महापूर येऊन सांगली व कोल्हापूर शहरांचा मोठा भाग पाण्याखाली गेला. पाणी ओसरल्यावर चिखलाने माखलेल्या गाड्या दारोदार उभ्या होत्या. अशा वेळी पहिली इच्छा होते ती किल्ली फिरवून पाहण्याची, आणि नेमकी तीच गाडीच्या मुळावर येते. पाणी हवेसारखे दाबले जात नाही. इंजिनात ते साठले असता गाडी सुरू करू गेल्यास आतील दांडा वाकतो. यास्तव आधी प्लग काढून पाणी बाहेर घालवतात. तेल दुधाळ दिसले, तर तेही बदलतात.

बॅटरी सोडवण्याचाही एक क्रम आहे. तिचे ऋण टोक सांगाड्याला जोडलेले असते. म्हणून ते प्रथम सोडतात. धन टोक आधी सोडू गेले आणि पाना सांगाड्याला टेकला, तर मोठी ठिणगी उडते. जोडताना क्रम उलटा, ऋण टोक शेवटी. बॅटरी तशीच जोडून ठेवली, तर ओल्या जोडांतून प्रवाह झिरपत राहतो आणि धन बाजूचे धातू झपाट्याने झिजू लागते. नंतर स्वच्छ पाण्याने चिखल धुऊन, जोड उघडून ते कोरड्या हवेने वाळवतात. पुसून घट्ट बसवल्यावर ओल शिरू नये म्हणून योग्य तो वंगणलेप लावतात. घराच्या भिंतीत शिरणारी विजेची तार शिरण्यापूर्वी खाली झोळ देऊन मग वर चढवलेली असते, हे पुष्कळांनी पाहिले असेल. गाडीच्या तारांनाही तसाच झोळ दिला, तर थेंब जोडापर्यंत न पोचता खालीच गळून पडतो.

एप्रिल २०२० पासून धुरासंबंधीचे नवे नियम लागू झाल्यावर पुष्कळ गाड्यांत पेट्रोलची फवारणी लहानसा संगणक ठरवू लागला. त्याची पेटी बंद असते. पण तिच्या जोडातल्या सुईएवढ्या पिना ओलीपुढे तितक्याच नाजूक ठरतात. पुरानंतर घाईघाईने चालू केलेली गाडी आठवडा-पंधरवडा चालते, मालक निर्धास्त होतो, आणि दिवाळीच्या सुमारास एखाद्या कोरड्या सकाळी ती अकस्मात मुकी होते. मेस्त्री मग सगळ्यांत आधी बैठक काढून तिच्याखालचे जोड उघडतो. तेथे बहुधा तो हिरवा थर वाट पाहत बसलेला असतो.