वाळवंटातली थंडी आणि तिचा हिशेब

डिसेंबरच्या सुट्टीत आपली मंडळी लास वेगासला उतरतात, गाडी भाड्याने घेतात आणि आठवडाभरात चार-पाच नॅशनल पार्क करायचे ठरवतात. बरोबर बहुतेक वेळा भारतातून आलेले आई-बाबा असतात. ‘वाळवंटच आहे, एखादा स्वेटर पुरेल,’ असं त्यांना फोनवर सांगितलेलं असतं. मीही आईला हेच सांगितलं होतं. ग्रँड कॅन्यनच्या काठावर ती सुती साडी, शाल आणि मोज्यांवर सँडल अशी उभी राहिली. पाच मिनिटांत तिची बोटं इतकी आखडली की चहाचा कप धरता येईना. उरलेली दरी तिने गाडीच्या काचेतून पाहिली. त्याचं मला अजून वाईट वाटतं.

म्हणून पार्क निवडताना आधी त्याची उंची पाहा. दर हजार मीटर चढलं की तापमान साधारण सहा-सात अंशांनी उतरतं, आणि या भागातले पार्क समुद्रसपाटीच्या खालपासून पार अडीच हजार मीटरच्या वरपर्यंत पसरलेले आहेत. आपलं कळसूबाई १,६४६ मीटर. ग्रँड कॅन्यनच्या साउथ रिमवर आपण गाडीतून पाय खाली ठेवतो तेच जवळपास २,१०० मीटरवर. डिसेंबर-जानेवारीत तिथे दुपारी ५-६ अंश असतात आणि पहाटे उणे ७-८. ब्राइस कॅन्यन त्याहून उंच. तिथे दुपारी ३ आणि पहाटे उणे ९ हे नेहमीचंच. रात्री गाडीत विसरलेली पाण्याची बाटली सकाळी दगड होऊन हातात येते. झायनची दरी बरीच खाली, सुमारे १,२०० मीटरवर, त्यामुळे दुपारी ११ अंशांपर्यंत जातं. पहाटे मात्र शून्याखाली. जोशुआ ट्रीला दुपार १५-१६ अंशांची, छान उन्हाची, आणि रात्र गोठवणारी.

डेथ व्हॅलीची गोष्ट वेगळी. फर्नेस क्रीक समुद्रसपाटीच्या ५८ मीटर खाली आहे. उन्हाळ्यात जीव नकोसा करणारी ही जागा हिवाळ्यात दुपारी १८-१९ अंशांवर असते, पहाटे ३-४. बॅडवॉटरच्या मिठाच्या मैदानावर नुसत्या शर्टावर फिराल, पण त्याच दिवशी १,६६९ मीटरवरच्या डांटेज व्ह्यूला जाल तेव्हा जॅकेट हवंच. वर्षाला जेमतेम ५५ मिलिमीटर पाऊस पडतो. पण पडला की कोरडी जमीन तो पिऊ शकत नाही, रस्ते वाहून जातात. निघायच्या सकाळी पार्कच्या साइटवर बंद रस्त्यांची यादी पाहाच.

आता पैसे. झायन, ब्राइस आणि ग्रँड कॅन्यनला गाडीमागे ३५ डॉलर, डेथ व्हॅली आणि जोशुआ ट्रीला ३०. एकदा भरले की त्या पार्कात सात दिवस चालतात. अमेरिकेतल्या रहिवाशांचा वार्षिक पास ८० डॉलरचा आहे, म्हणजे पहिले तीन पार्क केले तरी वसूल. पण १ जानेवारी २०२६ पासून परदेशी पाहुण्यांचा हिशेब बदलला. त्यांचा वार्षिक पास २५० डॉलरचा, आणि पास नसेल तर ११ ठरावीक पार्कांत १६ वर्षं आणि त्यावरच्या प्रत्येकाला नेहमीच्या शुल्काशिवाय १०० डॉलर जादा. पुण्याहून आलेल्या चार मोठ्या माणसांनी ते तीन पार्क पासशिवाय केले तर १,३०५ डॉलर होतात. तिन्ही त्या ११ च्या यादीत आहेत. डेथ व्हॅली आणि जोशुआ ट्री मात्र नाहीत. म्हणजे हिवाळ्यात सर्वांत उबदार असलेल्या या दोन जागा गाडीमागे ६० डॉलरमध्ये होतात. वयस्कर माणसं बरोबर असतील तर मी सहल इथूनच आखेन. यजमान रहिवासी आणि पाहुणे परदेशी असतील, तर कोणता पास गाडीतल्या सगळ्यांना चालतो हे अधिकृत साइटवर वाचूनच पैसे भरा, आणि कार्ड जवळ ठेवा. बऱ्याच पार्कांच्या नाक्यावर रोख घेत नाहीत.

खोल्यांचं गणित उलटं. डेथ व्हॅलीचा हंगामच हिवाळ्यात, तेव्हा नाताळच्या आठवड्यात तिथे दर चढे असतात. ब्राइसजवळच्या गावांत जानेवारीत खोली स्वस्त मिळते, फक्त काही हॉटेलं बंद असतात. पेट्रोल डेथ व्हॅलीच्या आत महाग आहे. आत शिरण्याआधी पाहरम्प किंवा बीटी या गावांतच टाकी भरून घ्या.

थर्मल, कानटोपी, लोकरीचे मोजे आई-बाबांना भारतातूनच आणायला सांगा, तिथे स्वस्त पडतात. बुटांवर चढवायच्या खिळ्यांच्या रबरी पट्ट्या, म्हणजे मायक्रोस्पाइक्स, इथे साधारण ३० ते ७० डॉलरला जोडी. महाग वाटतील, पण सावलीतल्या पायवाटांवर बर्फ दाबून काचेसारखा गुळगुळीत होतो आणि साठीनंतर एक पाय घसरणं फार महागात जातं. पायवाटेवर उतरायचंच नसेल तर हा खर्च टाळा. ओठांना व्हॅसलीन लावा; कोरड्या थंडीत तहान लागत नाही म्हणून पाणी आठवणीने प्या. गाडी घेताना काच धुण्याचं पाणी न गोठणारं आहे का, हे विचारा. उबदार शहरातल्या गाडीत साधं पाणी असलं तर घाटात ते काचेवरच गोठतं.

हिवाळ्याचा एक मोठा फायदाही आहे. साउथ रिमवरचा हर्मिट रोड मार्च ते नोव्हेंबर फक्त बससाठी असतो. डिसेंबर ते फेब्रुवारी तुमची गाडी थेट प्रत्येक कठड्यापर्यंत जाते. ज्यांना चालवत नाही त्यांनी हीटर लावून बसावं, उतरावं, दहा मिनिटं पाहावं, परत बसावं. आईला पुढच्या हिवाळ्यात मी तसंच नेलं, सकाळी अकराला निघून. साउथ रिमला सूर्य सव्वापाचच्या सुमारास मावळतो आणि ऊन गेल्या क्षणी थंडी हाडांत शिरते, म्हणून चारलाच परत फिरलो. नेवाडातून ॲरिझोनात शिरताना घड्याळ एक तास पुढे जातं, तोही त्या दिवसातून वजा धरा.