दृष्टीची तीक्ष्णता : केवळ डोळ्यांचा प्रश्न नव्हे

छत्तीसगढमधील भिलाई देशाच्या नकाशावर ठळक झाली ती पोलादामुळे. १९५५ साली सोव्हिएत संघाशी झालेल्या करारानुसार येथे पोलाद कारखान्याची उभारणी सुरू झाली आणि ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. भारतीय रेल्वेसाठी रूळ घडविणारा प्रमुख कारखाना म्हणून त्याची ख्याती आहे. लगतच रेल्वेचे मोठे मालयार्ड आणि विद्युत इंजिनांची देखभाल करणारे शेड आहे. भट्टीपुढील कामगार, क्रेनचालक, वेल्डर, रुळावरील बारीक दोष हेरणारा तपासनीस, सिग्नलवर नजर ठेवणारा इंजिनचालक अशा कितीतरी जणांची रोजीरोटी येथे नजरेच्या तीक्ष्णतेवर अवलंबून आहे. इंजिनचालकाच्या भरतीसाठी रेल्वेने ठरविलेल्या ‘ए-१’ या वैद्यकीय श्रेणीत चष्म्याविना दोन्ही डोळ्यांची दृष्टी ६/६ असावी लागते. तक्त्यावरील एका ओळीच्या फरकाने होतकरू तरुणाची संधी हुकू शकते. म्हणूनच ही तीक्ष्णता कशावर ठरते, हे समजून घेणे अगत्याचे आहे.

६/६ म्हणजे नेमके काय?

डच नेत्रतज्ज्ञ हेरमान स्नेलेन यांनी १८६२ साली अक्षरांचा तक्ता तयार केला. आजही दवाखान्यांतून त्याच पद्धतीचे तक्ते आढळतात. अंशातील पहिला आकडा तपासणीचे अंतर मीटरमध्ये दाखवितो. दुसरा आकडा निकोप डोळ्याला तेच अक्षर किती अंतरावरून वाचता यावे, ते सांगतो. ६/६० दृष्टी म्हणजे इतरांना ६० मीटरवरून दिसणाऱ्या अक्षरासाठी ६ मीटरपर्यंत जवळ यावे लागणे. ६/६ च्या ओळीतील अक्षर सुमारे ९ मिलिमीटर उंच असते आणि त्यातील प्रत्येक रेघ डोळ्याशी एक कला, म्हणजे अंशाचा साठावा भाग, एवढा कोन करते. ६/६ ही परिपूर्णतेची सीमा मात्र नव्हे. अनेक तरुणांना त्याखालची ६/५ ची ओळही वाचता येते.

भिलाईच्या परिचयातीलच उदाहरण घ्यावयाचे तर रुळांचे घेता येईल. ब्रॉडगेज मार्गाच्या दोन रुळांमधील अंतर १,६७६ मिलिमीटर असते. हिशेबाने सरळ मार्गावर हे अंतर सुमारे पावणेसहा किलोमीटरवर एक कला कोनाचे होते. म्हणजे ६/६ दृष्टीच्या माणसाला तेथपर्यंत दोन रूळ वेगळे दिसावयास हवेत. प्रत्यक्षात ते बरेच अलीकडे एकमेकांत मिसळलेले भासतात. मे महिन्याच्या दुपारी रुळांवरून उठणारी तापलेली हवा प्रकाशकिरणांना हेलकावे देते, धुळीमुळे आणि हिवाळ्यातील धुक्यामुळे दृश्य फिके पडते. डोळा तोच असतो. बदलते ती बाहेरची परिस्थिती.

प्रकाश आणि उठाव

बाह्य घटकांमध्ये पहिला मान प्रकाशाचा. दृष्टिपटलावर दोन प्रकारच्या प्रकाशग्राही पेशी असतात. सुमारे ६० लाख शंकुपेशी भरपूर उजेडात काम करतात आणि बारकावे व रंग दाखवितात. सुमारे १२ कोटी दंडपेशी अंधुक उजेडासाठी असतात; त्यांना रंग कळत नाहीत आणि बारकावेही फारसे टिपता येत नाहीत. चांदण्यात रस्ता दिसतो, पण वर्तमानपत्र वाचता येत नाही, ते यामुळेच. प्रखर उजेडातून अंधारात गेल्यावर दंडपेशींची पूर्ण क्षमता जागी होण्यास सुमारे अर्धा तास लागतो. भट्टीच्या झळाळीतून एकदम अंधाऱ्या मार्गिकेत पाऊल टाकणाऱ्या कामगाराने हे ध्यानी ठेवणे सुरक्षिततेच्या दृष्टीने मोलाचे आहे.

उजेडाइतकाच महत्त्वाचा असतो उठाव, म्हणजेच अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्या गडदपणातील फरक. दवाखान्यातील तक्ता पांढऱ्यावर काळा असतो. व्यवहारातील जग तसे नसते. पासबुकावरील पुसट छपाई, करड्या अक्षरांतील अर्ज, उन्हाने चकाकणारा एटीएमचा पडदा यांपुढे ६/६ दृष्टीचा ग्राहकही गोंधळतो. सह्या पडताळणाऱ्या कर्मचाऱ्याच्या टेबलावर मागून किंवा बाजूने येणारा, डोळ्यांवर न चमकणारा प्रकाश असणे, ही म्हणूनच चैन नसून गरज आहे.

डोळ्याच्या आतील कारणे

प्रकाश आत शिरतो तो बाहुलीतून. तिचा व्यास उजेडानुसार सुमारे २ ते ८ मिलिमीटर बदलतो. बाहुली फार मोठी झाली की भिंगाच्या कडेचे दोष प्रतिमेत उतरतात. फार लहान झाली तर प्रकाशाच्या विवर्तनामुळे प्रतिमा पसरते. साधारण २ ते ३ मिलिमीटर व्यास सर्वांत अनुकूल ठरतो. लघुदृष्टीची मुले फळ्याकडे डोळे बारीक करून पाहतात, त्यामागेही हेच तत्त्व आहे. नेत्रतज्ज्ञ त्याचा उपयोग करून घेतात. सूक्ष्म छिद्र पाडलेल्या चकतीतून पाहिल्यावर अक्षरे स्पष्ट झाली, तर दोष बहुधा चष्म्याने सुधारणारा असतो. फरक पडला नाही, तर भिंग, दृष्टिपटल वा नेत्रचेता यांची तपासणी आवश्यक ठरते.

प्रौढाचा नेत्रगोल सुमारे २४ मिलिमीटर लांब असतो. त्यात एका मिलिमीटरची वाढ झाली तरी सुमारे अडीच ते तीन नंबरची लघुदृष्टी येते, यावरून ही रचना किती काटेकोर आहे ते कळते. चाळिशीनंतर भिंग ताठर होऊन जवळचे वाचणे कठीण जाते. साठीत तर विशीच्या तुलनेने सुमारे एक-तृतीयांशच प्रकाश दृष्टिपटलापर्यंत पोहोचतो. आजोबांना ‘दिवा लाव’ असे वारंवार सांगावे लागते, ते उगाच नव्हे.

सर्वाधिक तीक्ष्णता मिळते ती दृष्टिपटलाच्या मध्यभागातील पीतबिंदूच्या केंद्रातून, जेथे शंकुपेशी अत्यंत दाट असतात. नजरेच्या केंद्रापासून अवघे १० अंश बाजूला तीक्ष्णता सुमारे एक-पंचमांशावर येते. म्हणूनच वाचताना डोळे सतत सरकत राहतात. वस्तू वेगाने हलत असेल किंवा क्षणभरच दिसली, तरीही बारकावे निसटतात.

मेंदूचा वाटा आणि वयाची मर्यादा

पाहणे पूर्ण होते ते मेंदूत. बालपणी एका डोळ्याला तिरळेपणा असेल, किंवा दोन डोळ्यांच्या नंबरांत मोठा फरक असेल, तर मेंदू त्या डोळ्याकडून येणाऱ्या संदेशांची दखल घेणे कमी करतो. हाच ‘आळशी डोळा’. बाहेरून तो निरोगी दिसतो आणि दुसऱ्या डोळ्याने सारे दिसत असल्याने मूलही तक्रार करीत नाही. सात-आठ वर्षांच्या आत चष्मा आणि चांगल्या डोळ्यावर पट्टी बांधण्याचा उपचार उत्तम लागू पडतो. पुढे यशाची शक्यता झपाट्याने घटते. वयाच्या अठराव्या वर्षी वैद्यकीय चाचणीत नापास होणाऱ्या काही तरुणांचे भवितव्य खरे तर पहिलीत जाण्याच्या आधीच ठरलेले असते.

कामाच्या ठिकाणी

भट्टीच्या अवरक्त किरणांमुळे दीर्घकाळात नेत्रभिंगावर परिणाम होऊन मोतीबिंदू होऊ शकतो. काच आणि पोलाद उद्योगांतील कामगारांमध्ये हा विकार पूर्वीपासून ज्ञात आहे. वेल्डिंगच्या अतिनील किरणांनी काही तासांतच डोळ्यांत वाळू गेल्यासारख्या वेदना सुरू होतात. योग्य प्रतीची संरक्षक काच वापरणे हाच दोन्हींवरील उपाय होय. साधा रंगीत चष्मा त्यासाठी पुरेसा नसतो.

तपासणी केव्हा?

तक्त्यावरील आकडा उपयुक्त असला तरी तो एकाच कसोटीचा निकाल असतो. काचबिंदूत बाजूची दृष्टी नष्ट होत असतानाही मधली ६/६ टिकून राहू शकते. मधुमेहातही दृष्टिपटलाची हानी बराच काळ लक्षात येत नाही. भारतात २०१५ ते २०१९ या काळात झालेल्या राष्ट्रीय पाहणीत ५० वर्षांवरील अंधत्वाच्या सुमारे दोन-तृतीयांश प्रकरणांचे कारण मोतीबिंदू असल्याचे आढळले. शस्त्रक्रियेने दूर होणाऱ्या या विकारापायी इतक्यांची दृष्टी जावी, ही खेदाची बाब होय.

शाळेत घालण्यापूर्वी मुलाचा प्रत्येक डोळा स्वतंत्रपणे तपासून घ्यावा. चाळिशीनंतर केवळ चष्म्याचा नंबर न काढता डोळ्यातील दाब आणि दृष्टिपटल यांचीही तपासणी करावी. मधुमेह्यांनी ती दरवर्षी करावी. ज्यांचे काम भट्टी, वेल्डिंग किंवा रूळ यांच्याशी निगडित आहे, त्यांनी नियतकालिक तपासणी चुकवू नये. आणि घरात, कार्यालयात अक्षरे अंधुक वाटू लागली, तर नेत्रतज्ज्ञाची भेट ठरवितानाच टेबलावरील दिवा आणि चष्म्याची काच यांकडेही एकदा लक्ष द्यावे.