टू-स्ट्रोक की फोर-स्ट्रोक? : जंगलातल्या डर्ट बाइकचं गणित

होस्टेलवर ज्या विषयांवर रात्री दोनपर्यंत चर्चा होते, त्यात गाड्यांचा नंबर वरचा. आणि गाड्यांचा विषय निघाला की कोणीतरी आरएक्स 100 चं नाव काढतोच. मग टू-स्ट्रोकवाले एका बाजूला, फोर-स्ट्रोकवाले दुसऱ्या बाजूला, आणि सबमिशनच्या फाइली तशाच पडलेल्या! पण ही वादावादी एका ठिकाणी अजून खरोखर जिवंत आहे. ते ठिकाण म्हणजे जंगल. अमेरिकेतल्या अपलेशियन डोंगरांतल्या आणि ऑस्ट्रियातल्या वाटांवर आजही दोन्ही प्रकारच्या नव्या डर्ट बाइक्स शेजारी शेजारी धावतात. रस्त्यावरून टू-स्ट्रोक गेली, मग जंगलात का टिकली? सेकंड इयरला थर्मोडायनॅमिक्समध्ये जे शिकलो (किंवा ज्यात केटी लागली), त्याच्याच आधाराने हे समजून घेऊ.

थोडी थिअरी

फोर-स्ट्रोक इंजिनात सक्शन, कॉम्प्रेशन, पॉवर आणि एक्झॉस्ट या चार कामांना चार स्ट्रोक लागतात, म्हणजे क्रँकच्या दोन फेऱ्यांत एकदाच स्फोट. टू-स्ट्रोकमध्ये दर फेरीला एक. तिथे व्हॉल्व्ह नाहीत, कॅमशाफ्ट नाही. सिलिंडरच्या भिंतीतली भोकं, म्हणजे पोर्ट, पिस्टन स्वतःच उघडतो आणि बंद करतो. ताजं मिश्रण आधी क्रँककेसमध्ये दाबलं जातं आणि ट्रान्स्फर पोर्टमधून वर येऊन जळालेल्या वायूला बाहेर ढकलतं. यालाच आपण स्कॅव्हेंजिंग म्हणतो.

आपल्याकडचं उदाहरण घ्या. यामाहा आरएक्स 100 आणि हिरो होंडा सीडी 100 दोन्ही 1985 मध्ये बाजारात आल्या. दोन्हींची इंजिनं जवळपास सारखी, शंभर सीसीच्या आतली. पण आरएक्सची ताकद 11 हॉर्सपॉवर आणि सीडीची साधारण सात-साडेसात. पेट्रोल मात्र सीडी निम्म्यापेक्षा फार जास्त पीत नसे! हा सगळा लेख खरं तर या एका तुलनेचाच विस्तार आहे.

आता मुद्दा असा, की दर फेरीला स्फोट होतो तर टू-स्ट्रोकची ताकद दुप्पट का नाही? कारण पॉवर स्ट्रोक पूर्ण व्हायच्या आतच एक्झॉस्ट पोर्ट उघडतो आणि उरलेला दाब वाया जातो. शिवाय ताज्या मिश्रणाचा काही भाग न जळताच सायलेन्सरमधून निघून जातो. त्यामुळे सरासरी परिणामी दाब, म्हणजे व्हायव्हात विचारतात तो ब्रेक मीन इफेक्टिव्ह प्रेशर, टू-स्ट्रोकमध्ये कमी असतो.

एक गणित करूनच पाहू. केटीएमच्या 300 टू-स्ट्रोकचं बोअर 72 मिमी आणि स्ट्रोकही 72 मिमी, म्हणजे 293 सीसी. याच कंपनीच्या 350 फोर-स्ट्रोकचं बोअर 88 आणि स्ट्रोक 57.5 मिमी, म्हणजे 350 सीसी. टू-स्ट्रोकचा सरासरी दाब 9 बार आणि फोर-स्ट्रोकचा 12.5 बार धरू. (हे आकडे मी गणितासाठी धरलेत, कंपनीचे नाहीत.) दाब गुणिले आकारमान केलं की टू-स्ट्रोकला दर फेरीला 264 ज्यूल मिळतात. फोर-स्ट्रोकला 437 मिळतात, पण दोन फेऱ्यांत, म्हणजे फेरीला 219. दोन पायने भागा: टू-स्ट्रोकचा टॉर्क 42 न्यूटन-मीटर, फोर-स्ट्रोकचा 35. दाब कमी असून, आणि इंजिन 57 सीसीने लहान असूनही टू-स्ट्रोक पुढे! जंगलात 300 टू-स्ट्रोकला एवढा मान का, ते इथे कळतं.

पाइपातली जादू

टू-स्ट्रोकचा तो फुगलेला पाइप शोभेसाठी नसतो. त्याला एक्स्पान्शन चेंबर म्हणतात. एक्झॉस्टची दाबलहर त्याच्या रुंद होत जाणाऱ्या भागातून जाते तेव्हा मागे सक्शन तयार होतं. पुढच्या निमुळत्या भागावर आपटून ती परत येते आणि बाहेर निसटलेलं ताजं मिश्रण पुन्हा सिलिंडरमध्ये ढकलते. पूर्व जर्मनीतल्या एमझेड कंपनीचे इंजिनिअर वॉल्टर काडेन यांनी 1950 च्या दशकात हे तंत्र एवढं पुढे नेलं, की 1961 पर्यंत त्यांचं 125 सीसीचं रेसिंग इंजिन लिटरमागे 200 हॉर्सपॉवरच्या घरात गेलं. त्याच वर्षी त्यांचा रायडर अर्न्स्ट डेग्नर पश्चिमेकडे पळाला आणि सुझुकीला जाऊन मिळाला. ते ज्ञानही अर्थातच त्याच्याबरोबर गेलं.

पण या जादूला एक अट आहे. लहर वेळेवर परत यायला हवी, आणि ती ठरावीक आरपीएमलाच वेळेवर येते. त्याच्या खाली इंजिन सुस्त आणि त्या टप्प्यावर आलं की एकदम उसळी. जंगलात ओल्या मुळांवर अशी उसळी आली की मागचं चाक गर्रकन फिरतं आणि रायडर झाडाच्या मिठीत! यावर उपाय म्हणून पॉवर व्हॉल्व्ह आला. तो कमी आरपीएमला एक्झॉस्ट पोर्टची उंची कमी ठेवतो आणि वेग वाढला की उघडतो. केटीएमच्या कार्बोरेटरवाल्या मॉडेल्समध्ये या व्हॉल्व्हच्या स्प्रिंगा रंगांवरून ओळखतात: हिरवी सौम्य, पिवळी मधली, लाल तापट. थोडक्या पैशांत गाडीचा स्वभाव बदलतो.

मोटोक्रॉसमध्ये हरली, जंगलात टिकली

1997 मध्ये लास वेगासच्या सुपरक्रॉसमध्ये डग हेन्रीने यामाहाच्या प्रायोगिक 400 सीसी फोर-स्ट्रोकवर विजय मिळवला आणि पुढच्याच वर्षी वायझेड 400 एफ विक्रीला आली. पुढे नियमही असे झाले की 250 सीसी टू-स्ट्रोकसमोर 450 सीसीची फोर-स्ट्रोक उतरवता येई, आणि 125 समोर 250 सीसीची. एवढी सूट मिळाल्यावर निकाल काय लागणार? काही वर्षांत मोठ्या मोटोक्रॉस स्पर्धांतून टू-स्ट्रोक जवळजवळ दिसेनाशी झाली.

जंगलात मात्र हिशोब वेगळा. मोटोक्रॉसच्या ट्रॅकवर थ्रॉटल बराच वेळ पूर्ण उघडी असते. जंगलात गाडी बहुतेक पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये असते, वळण दर दहा मीटरला, आणि पूर्ण ताकद वापरायला जागाच नसते. तिथे प्रश्न असतात ते असे: गाडी बंद पडते का? पडली तर उचलता येते का? आणि घरापासून वीस मैलांवर बिघडली तर काय?

माझ्यासमोर आलेला खरा प्रश्न

माझा मावसभाऊ अमेरिकेत पेनसिल्व्हेनियात नोकरी करतो. एमएसचं कर्ज अजून फिटायचंय. शनिवारी मित्रांबरोबर जंगलात जातो, आतापर्यंत दुसऱ्याची गाडी मागून चालवत होता. पैसे साठवून एकच सेकंडहँड गाडी घ्यायची होती आणि समोर दोन होत्या: एक जुनी 300 टू-स्ट्रोक, कार्बोरेटरवाली, आणि एक 350 फोर-स्ट्रोक. "तू मेकॅनिकलला आहेस ना, सांग आता," एवढाच मेसेज. मी म्हटलं, दादा, दोन दिवस दे. मग खालील मुद्दे काढले.

*1) चढ.* कमी आरपीएमला फोर-स्ट्रोकच्या दोन स्फोटांत मोठं अंतर असतं. मधल्या कॉम्प्रेशनला लागणारी ऊर्जा फ्लायव्हीलमधूनच येते. ती संपली की इंजिन 'फट्' करून बंद. खडकाळ चढावर बंद पडलेली गाडी मागे येते आणि खाली आपण असतो! मोठी टू-स्ट्रोक तळातून ओढते, आणि बंद पडली तरी लवकर सुरू होते.

*2) पकड.* उलट बाजूही आहे. फोर-स्ट्रोकची ताकद सरळ रेषेत वाढते आणि 3000 आरपीएमला ती सेकंदाला 25 धक्के देते, टू-स्ट्रोक 50. दोन धक्क्यांमधल्या वेळात टायरला जमीन पुन्हा पकडायला फुरसत मिळते, असं रायडर सांगतात. सुक्या, भुसभुशीत मातीत फोर-स्ट्रोक शांतपणे पुढे जाते आणि हातही कमी दुखतात.

*3) उतार.* फोर-स्ट्रोकला इंजिन ब्रेकिंग भरपूर, थ्रॉटल सोडली की गाडी आवरते. टू-स्ट्रोक मोकळी सुटते, सगळा भार ब्रेकवर. शिवाय पेट्रोलमध्ये ऑइल मिसळून चालणाऱ्या टू-स्ट्रोकमध्ये थ्रॉटल बंद म्हणजे ऑइलही जवळजवळ बंद. लांब उतारावर गिअरमध्ये इंजिन जोरात फिरत राहिलं तर पिस्टन कोरडा पडतो. म्हणून क्लच दाबून अधूनमधून थोडी रेस द्यावी.

*4) वजन.* आजच्या मॉडेल्समध्ये तराजूवर फरक थोडाच दिसतो. पण फोर-स्ट्रोकचं कॅमशाफ्ट, व्हॉल्व्ह, चेन हे सगळं इंजिनच्या डोक्यावर असतं, आणि फिरणारे भागही जास्त. त्यामुळे गाडी वळवताना जड वाटते. तिसऱ्या तासाला, हात गळून गेल्यावर हा फरक कळतो.

*5) मिश्रण आणि हवा.* पेट्रोलमध्ये ऑइल 1:50 म्हणजे 10 लिटरला 200 मिली. 1:40 म्हणजे 250 मिली. "सेफ राहावं" म्हणून ऑइल वाढवलं तर जेटमधून तेवढंच द्रव जातं आणि त्यातलं पेट्रोल कमी होतं, म्हणजे मिश्रण उलट थोडं लीन होतं! तसंच 33 अंशांच्या उन्हाळी दुपारपेक्षा शून्य अंशाच्या सकाळी हवा सुमारे 12 टक्के दाट असते (306 भागिले 273). कार्बोरेटरला हे कळत नाही. उन्हाळ्याचं जेट हिवाळ्यात ठेवलं तर इंजिन लीन चालून तापतं आणि पिस्टन सीझ होऊ शकतो.

*6) खर्च.* इथे माझ्या मते निकाल लागतो. टू-स्ट्रोकचा पिस्टन आणि रिंगा लवकर झिजतात, पण हेड आणि सिलिंडर काढून त्या एका दुपारी घरच्या अंगणात बदलता येतात. फोर-स्ट्रोकचं वरचं काम तुलनेने जास्त तास चालतं. पण ऑइल वारंवार बदलावं लागतं, व्हॉल्व्ह क्लिअरन्स तपासून शिम घालून जुळवावा लागतो, आणि ते टाळलं तर एखादा व्हॉल्व्ह तुटून पिस्टनवर पडतो. मग हेड, पिस्टन, सिलिंडर, कधी क्रँकही. कर्ज फेडणाऱ्या माणसाला हा एक फटका म्हणजे दोन-तीन महिन्यांची बचत.

त्या फोर-स्ट्रोकला अवर मीटर नव्हता आणि व्हॉल्व्ह शेवटचे कधी तपासले हे मालकाला सांगता येत नव्हतं. पेनसिल्व्हेनियाची जंगलं तर दगडांसाठीच प्रसिद्ध. म्हणून मी लिहिलं: 300 टू-स्ट्रोक घे. आधी कॉम्प्रेशन तपास, पिस्टन-रिंगांचे पैसे किमतीतून कमी करून घे, हिरवी स्प्रिंग टाक, आणि सरकारी जंगलात जायचं तर स्पार्क अरेस्टर आहे का बघ, कारण सायलेन्सरच्या ठिणगीने वणवा लागतो. आणि एकटा जाऊ नकोस. मावशीला हे शेवटचं वाक्यच फक्त कळलं आणि आवडलं!

मग फोर-स्ट्रोकवाले चुकतात का?

अजिबात नाही. जीएनसीसी ही अमेरिकेतली जंगल रेसिंगची मोठी मालिका, मुख्य शर्यत साधारण तीन तासांची. तिथे 1990 च्या दशकात स्कॉट समर्सने होंडाच्या धिप्पाड एक्सआर 600 आर वर, म्हणजे फोर-स्ट्रोकवर, विजेतेपदं मिळवली. पुढे केलब रसेलने 2013 ते 2020 सलग आठ वेळा ही मालिका जिंकली, तीही केटीएमच्या फोर-स्ट्रोकवर. वेग जिथे टिकवता येतो तिथे फोर-स्ट्रोकची सलग ताकद उपयोगी पडते.

याउलट ऑस्ट्रियातल्या लोखंडाच्या खाणीत 1995 पासून होणारी एर्झबर्ग रोडिओ पाहा. उभे कडे, सुटे दगड. तिथे मॅन्युएल लेटनबिश्लरने 2022, 2023 आणि 2024 मध्ये 300 टू-स्ट्रोकवर बाजी मारली. म्हणजे प्रश्न इंजिनाचा नाही, जमिनीचा आहे.

टू-स्ट्रोकचं जुनं पापही आता धुतलं जातंय. केटीएमने 2018 च्या मॉडेल्समध्ये ट्रान्स्फर पोर्टमध्येच इंजेक्टर बसवले आणि ऑइलची वेगळी टाकी दिली. हवेप्रमाणे जेट बदलण्याची कटकट गेली. त्याच वर्षी ग्रॅहम जार्विसने इंजेक्शनवाल्या हस्क्वार्ना टू-स्ट्रोकवर एर्झबर्ग जिंकली. आपल्यालाही हे अगदी परकं नाही. बजाज ऑटोने 2007 मध्ये केटीएममध्ये हिस्सा घेतला आणि 2012 पासून ड्यूक 200 आपल्या चाकणमधून बाहेर पडू लागली.

निष्कर्ष

दगड, चढ, कमी वेग आणि स्वतः पाना धरायची तयारी असेल तर टू-स्ट्रोक. मोकळ्या, वाहत्या वाटा, लांब पल्ला आणि वेळच्या वेळी ऑइल-व्हॉल्व्ह बघायची शिस्त असेल तर फोर-स्ट्रोक. ज्याच्याकडे शिस्तही नाही आणि पानाही नाही, त्याने सायकल घ्यावी!

आपल्या वर्कशॉपमध्ये दोन्ही इंजिनांची कट-सेक्शन मॉडेल्स धूळ खात उभी आहेत. पुढच्या प्रॅक्टिकलला जर्नल उतरवून झालं, की एकदा हाताने क्रँक फिरवून पाहा. पोर्ट कधी उघडतो, व्हॉल्व्ह कधी उठतो, हे एकदा डोळ्यांनी पाहिलं की वादाला आवाज चढवावा लागत नाही, आकडे पुरतात.

— तृतीय वर्ष, यंत्र अभियांत्रिकी