लोहमार्ग आणि आपला मुलूख

१८७६-७८ च्या भीषण दुष्काळात या मुलखातील असंख्य माणसे अन्नावाचून मेली. पुरेशा मार्गांअभावी धान्य वेळेवर पोहोचेना. १८८० च्या दुष्काळ आयोगाने लोहमार्ग वाढविण्याची शिफारस केली. १८८२ मध्ये ‘सदर्न मराठा रेल्वे’ कंपनी स्थापन झाली आणि १८९० पर्यंत पुणे, मिरज, बेळगाव व लोंढा ही स्थानके एका मार्गाने जोडली गेली.

तत्पूर्वी बेळगावकडील माल बैलगाड्यांतून घाट उतरून वेंगुर्ले बंदरी जात असे. १८८८ मध्ये मुरगाव बंदरापर्यंत आगगाडी धावू लागली. व्यापार तिकडे वळला आणि वेंगुर्ल्याची पेठ ओसरली. उलट, दोन मार्गांच्या संगमामुळे रानालगतचे लोंढा गाव नावारूपास आले. मात्र मार्गासाठी सह्याद्रीचे अरण्य तोडावे लागले आणि तेथील इमारती लाकूडही गाडीनेच दूरच्या बाजारांत जाऊ लागले.

निपाणीला लोहमार्ग लाभला नाही. तिची तंबाखूची पेठ पुणे-बंगळूर हमरस्त्याच्या आधाराने वाढली.

तात्पर्य, रूळ जेथून जातात तेथील दैव पालटते, तसेच जेथून जात नाहीत तेथीलही. म्हणून प्रगतीचा हिशेब मांडताना विद्यार्थ्यांनी मुरगावाच्या जमेबरोबर वेंगुर्ल्याची तूट आणि अरण्याची हानीही लिहावी.