बेस गिटार शिकणाऱ्या मुलाला कॉम्प्रेसर द्यावा का?



आजचा विषय आपल्या नेहमीच्या विषयांपेक्षा थोडा वेगळा आहे. मी प्राथमिक शाळेत शिकवते आणि रविवारी सकाळी गावातल्या सात-आठ मुलांना गिटार व बेस गिटार शिकवते. डी.एड.ला असताना स्नेहसंमेलनाच्या वाद्यवृंदात बेस वाजवायला कुणीच तयार नव्हतं, म्हणून ते वाद्य माझ्या गळ्यात पडलं. तेव्हापासून ते काही सुटलं नाही.

गेल्या महिन्यात एका विद्यार्थिनीच्या आईने विचारलं, "मॅडम, हिचा आवाज कधी मोठा, कधी बारीक येतो. दुकानदार म्हणाला, कॉम्प्रेसर पेडल घ्या, सगळं एकसारखं होईल. घेऊ का?" मी लगेच हो किंवा नाही म्हणाले नाही. कारण हीच चूक मी स्वतः एकदा केली आहे. ती चूक काय होती आणि त्यातून मी काय शिकले, ते आज सविस्तर पाहू या.

आधी बेस गिटारची ओळख

साध्या गिटारला सहा तारा असतात, बेसला बहुधा चार. जाडीकडून बारीककडे जाताना त्यांना ई, ए, डी, जी म्हणतात. हे स्वर साध्या गिटारच्या खालच्या चार तारांपेक्षा एक सप्तक खाली असतात. सर्वात जाड तार सेकंदाला सुमारे ४१ वेळा कंप पावते. लिओ फेंडर यांच्या कंपनीने १९५१ साली प्रिसिजन बेस बाजारात आणला आणि हे वाद्य जगभर पसरलं. त्याआधी वादकांना माणसाच्या उंचीचा उभा डबल बेस वाजवावा लागे आणि ड्रम व ब्रासच्या गलक्यात तो फारसा ऐकू येत नसे.

बेसचं काम घराच्या पायासारखं आहे. तो दिसत नाही, पण हलला की सगळं घर हलतं. एक स्वर जोरात आणि पुढचा गायब असं झालं, तर गाणाऱ्याचा आणि तालवाद्याचा दोघांचाही आधार सुटतो. म्हणूनच "एकसारखा आवाज" हा बेसवाल्याचा कायमचा प्रश्न आहे.

कॉम्प्रेसर नेमकं काय करतो?

वर्गातलं उदाहरण घेऊ. एक मुलगा ओरडून उत्तर देतो, एक मुलगी पुटपुटते. कॉम्प्रेसर ओरडणाऱ्याला "हळू बोल" म्हणतो. पुटपुटणाऱ्या मुलीला तो काहीच म्हणत नाही. मग सगळ्या वर्गाचा आवाज एकदम वर उचलतो. परिणाम असा की दोघांमधलं अंतर कमी होतं आणि ती मुलगीही ऐकू येते.

आता आकड्यांत बघू. आपण सहावी-सातवीत शिकवतो ते गुणोत्तर इथे कामाला येतं. आवाज डेसिबलमध्ये मोजतात. यंत्रात सर्वात मोठा आवाज शून्य धरतात, म्हणून बाकीचे आकडे उणे येतात.

समजा मर्यादा, म्हणजे थ्रेशोल्ड, उणे २० वर ठेवली आणि गुणोत्तर, म्हणजे रेशो, ४:१ ठेवलं.

१) जोरात छेडलेला स्वर उणे ८ वर आला. तो मर्यादेच्या १२ ने वर आहे. १२ ला ४ ने भागून ३ उरतात. म्हणजे तो उणे १७ वर येईल.

२) हळू छेडलेला स्वर उणे २४ वर आला. तो मर्यादेच्या खाली आहे, म्हणून तसाच राहील.

आधी दोघांमधलं अंतर १६ डेसिबल होतं, आता ७ राहिलं. त्यानंतर मेकअप गेनच्या बटणाने सगळा आवाज ६ ने वाढवला, तर स्वर उणे ११ आणि उणे १८ वर येतील. इथे एक गोष्ट लक्षात ठेवा. या ६ डेसिबलने तारेवर बोट घासल्याचा आवाज आणि वायरची घरघरही तेवढीच वाढते.

आणखी दोन बटणं महत्त्वाची असतात. अटॅक म्हणजे आवाज मर्यादा ओलांडल्यावर यंत्र किती लवकर दाबायला लागतं. तो फार जलद ठेवला तर तार छेडल्याचा सुरुवातीचा "टक्" मरतो आणि बेस चिखलात रुतल्यासारखा वाटतो. २० ते ३० मिलिसेकंद ठेवला तर तो "टक्" सुटून जातो. रिलीज म्हणजे दाबलेला आवाज सोडायला लागणारा वेळ. जाड ई तारेचं एक कंपन सुमारे २४ मिलिसेकंदांचं असतं. रिलीज त्याहून कमी झाला, तर यंत्र स्वराच्या चढउताराऐवजी प्रत्येक कंपनाच्या मागे धावू लागतं आणि आवाज फाटतो. म्हणून बेसवर रिलीज साधारण १०० मिलिसेकंद किंवा त्याहून जास्त ठेवतात.

बेसलाच त्याची गरज जास्त का भासते?

याची कारणं खरी आहेत, ती मान्य केली पाहिजेत.

१) आपले कान खालच्या स्वरांना कमी संवेदनशील असतात. शिवाय खालच्या स्वरांत डेसिबलचा थोडासा फरकही कानाला मोठा वाटतो. म्हणून बेसमधला असमानपणा पटकन जाणवतो.

२) चारही तारांची जाडी वेगळी. मोकळी तार आणि दाबलेली तार यांचा आवाजही वेगळा.

३) अंगठ्याने तार आपटून वाजवायची स्लॅप पद्धत असते. १९६० च्या दशकात लॅरी ग्रॅहम आपल्या आईबरोबर वाजवत असताना बँडमध्ये ड्रमवाला उरला नाही. तेव्हा ड्रमची उणीव भरून काढण्यासाठी त्यांनी ही पद्धत वापरली. आपटलेल्या तारेचा आवाज क्षणभर इतका उंच जातो की कितीही तयार हात असला, तरी थोडा कॉम्प्रेसर उपयोगी पडतो.

४) रेकॉर्डिंगमध्ये सगळ्या वाद्यांना एका ठरावीक जागेत बसवायचं असतं. तिथे बेसवर कॉम्प्रेसर लावणं ही अगदी रोजची गोष्ट आहे.

म्हणजे कॉम्प्रेसर वाईट नाही. पण तो कुणाच्या हातात आणि कधी द्यायचा, हा खरा प्रश्न.

माझी चूक

काही वर्षांपूर्वी सातवीतला एक मुलगा माझ्याकडे बेस शिकायला आला. बोटं लहान, पण उत्साह मोठा. त्याचं पहिलं बोट जोरात आणि मधलं बोट अगदी अलगद पडायचं. "धम्-टुक्, धम्-टुक्" असा आवाज यायचा. त्याने निराश होऊ नये म्हणून दुसऱ्याच महिन्यात मी माझं कॉम्प्रेसर पेडल त्याला लावून दिलं. जादूच झाली! आवाज सरळ रेषेत आला. त्याचे आईबाबा खूश, तो खूश, मीही खूश.

गणेशोत्सवात त्याचा पहिला कार्यक्रम होता. ऐनवेळी पेडलची बॅटरी उतरली. साउंडवाल्या दादांनी वायर थेट मिक्सरला लावून दिली. गाणं सुरू झालं आणि "धम्-टुक्, धम्-टुक्" परत आलं. गाणाऱ्या ताईने दोनदा मागे वळून पाहिलं. दादांनी बेसचा आवाज कमी केला. मुलाला वाटलं, गिटार बिघडली. तो वाजवता वाजवता वायर हलवून बघत होता.

पुढचे दोन रविवार तो आलाच नाही. मी घरी गेले तेव्हा म्हणाला, "मॅडम, मला येत होतं ना?" या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्याला येत नव्हतं आणि ते त्याला कळू दिलं नव्हतं ते मीच. सहा महिने त्याचे कान रोज खोटं ऐकत होते. मधलं बोट कमी पडतंय हे ऐकूच आलं नाही, तर तो सुधारणार काय?

मग मला वर्गातलंच आठवलं. पुटपुटणाऱ्या मुलीचं उत्तर आपण शिक्षक मोठ्याने पुन्हा सांगतो. वर्गाला ते ऐकू येतं, तास पुढे सरकतो. पण ती मुलगी मोठ्याने बोलायला शिकत नाही. तिचं काम आपण करून टाकलेलं असतं.

मग कधी वापरायचा?

माझं मत मी असं ठरवलं आहे.

• शिकण्याच्या काळात, विशेषतः पहिलं वर्षभर, सरावाला कॉम्प्रेसर नको. वायर थेट अँपला लावायची.

• हात बऱ्यापैकी समान झाला की कार्यक्रमात आणि रेकॉर्डिंगमध्ये हलकासा वापरायला हरकत नाही. गुणोत्तर ३:१ किंवा ४:१, आणि सर्वात जोरदार स्वरावर ३ ते ६ डेसिबलच दाब पडेल इतकाच.

• स्लॅप शिकणाऱ्या मोठ्या मुलांना तो लवकर दाखवायला हवा, पण बंद करून वाजवणंही रोज व्हायला हवं.

• रेकॉर्डिंग करताना जोरदार दाबून घेऊ नका. नंतर दाबता येतं, पण दाबलेलं पुन्हा मोकळं करणं कठीण जातं.

डेट्रॉइटच्या मोटाउन स्टुडिओतले जेम्स जेमर्सन उजव्या हाताच्या फक्त एका बोटाने बेस वाजवत. स्टुडिओत यंत्रांनी काय केलं ते पुढचं. स्वराचं वजन त्या बोटातून येत होतं. माझ्या विद्यार्थ्यांना मी हे नेहमी सांगते.

घरी करून पाहण्यासारखे सराव

१) मेट्रोनोम ६० वर लावा. एकाच तारेवर पहिलं आणि मधलं बोट आलटून पालटून, पाच मिनिटं. डोळे मिटून ऐका. कोणतं बोट पडलं ते ओळखू आलं, तर अजून काम बाकी आहे.

२) आठ ठोक्यांत अगदी हळूपासून जोरापर्यंत जा आणि पुढच्या आठ ठोक्यांत परत या. समान वाजवता येणं म्हणजे एकाच जोरात अडकणं नव्हे.

३) तोच स्वर वेगवेगळ्या तारांवर वाजवा. जाड तारेला किती जोर लागतो आणि बारीक तारेला किती, हे बोटाला कळू द्या.

४) रेकॉर्ड करून ऐका. पण काही मोबाइल आवाज आपोआप कमी-जास्त करतात, म्हणजे तिथेही एक लपलेला कॉम्प्रेसर असतो. सेटिंगमध्ये तशी सोय असेल तर ती बंद करा. नाहीतर घरातल्या माणसाला दुसऱ्या खोलीतून ऐकायला सांगा.

पेडल घ्यायचं ठरलंच, तर दुकानात एक परीक्षा जरूर करा. पेडल चालू आणि बंद असताना आवाजाची पातळी सारखी करून घ्या. कारण मोठा आवाज कानाला नेहमीच चांगला वाटतो आणि आपण फसतो. पातळी सारखी केल्यावरही फरक आवडला, तरच खिशात हात घाला.

शेवटी

त्या विद्यार्थिनीच्या आईला मी सांगितलं, "ताई, आत्ता नको. सहा महिने तिला तिचा खरा आवाज ऐकू द्या. मग आपण तिघी मिळून दुकानात जाऊ." त्यांनी मान्य केलं. मुलीचं तोंड जरा उतरलं, हे खरं.

आणि तो सातवीतला मुलगा? तिसऱ्या रविवारी परत आला. पेडल मी कपाटात ठेवून दिलं होतं. आम्ही पुन्हा मोकळ्या ई तारेपासून, एक बोट, मग दुसरं बोट, अशी सुरुवात केली. पुढच्या वर्षीच्या गणेशोत्सवात त्याने थेट मिक्सरला वायर लावून वाजवलं. साउंडवाल्या दादांनी यंत्रावर थोडा कॉम्प्रेसर लावला असेलही. त्याने काही बिघडत नाही. कारण या वेळी पाया त्याच्या बोटांत होता.

आपल्या मुलांना किंवा विद्यार्थ्यांना वाद्य शिकवताना तुम्हाला असे काही अनुभव आले असतील, तर जरूर कळवा.