मायबाप सरकार आणि आपले दोन हात

गावच्या पारावर दोन तऱ्हेची बोलणी नेहमी ऐकू येतात. एक जण म्हणतो, "रस्ता खचला. सरकार काय झोपलंय का?" दुसरा म्हणतो, "सरकारच्या नादी कशाला लागता? आपलं आपण बघावं." दोघेही तावातावाने बोलतात. मग चहा होतो. दोघेही घरी जातात. रस्ता मात्र खचलेलाच राहतो.

या दोघांत बरोबर कोण? उत्तर देण्याची घाई करू नका. आधी एका लहानशा देशाची हकीकत वाचू.

या देशाचे नाव डेन्मार्क. तो युरोप खंडात, जर्मनीच्या उत्तरेला आहे. आपल्या महाराष्ट्राचे सात भाग केले, तर त्यातल्या एका भागाएवढा हा देश. तेथे कोळशाच्या किंवा लोखंडाच्या मोठ्या खाणी नाहीत. थंडी कडक. असा हा देश दीडशे वर्षांपूर्वी एकदा पार खचला होता. तो पुन्हा कसा उभा राहिला, ते पाहू.

१. मुलूख गेला, भावही गेला

सन १८६४ मध्ये प्रशिया आणि ऑस्ट्रिया या दोन बलाढ्य राज्यांनी डेन्मार्कशी युद्ध केले. डेन्मार्क हरला. श्लेस्विग आणि होल्स्टाइन हे त्याचे सुपीक प्रांत गेले. राज्याचा सुमारे एक तृतीयांश मुलूख हातचा गेला. लोकांची मान खाली गेली.

त्यातच दुसरा घाव बसला. डेन्मार्कचे शेतकरी गहू आणि सातू पिकवून परदेशी विकत असत. १८७० नंतर अमेरिका आणि रशिया या देशांतून स्वस्त धान्य आगबोटींनी युरोपात येऊ लागले. धान्याचे भाव कोसळले. जमीन गेली होती. आता उरलेल्या जमिनीचे पीकही परवडेना. कितीतरी माणसे घरदार सोडून अमेरिकेस निघून गेली.

अशा वेळी सरकारकडे काय मागावे? युरोपातल्या काही देशांनी परदेशी धान्यावर जकात बसवली. जर्मनीने १८७९ साली तेच केले. डेन्मार्कने तसे केले नाही. तेथील शेतकऱ्यांनी निराळा हिशेब मांडला. धान्य स्वस्त झाले ना? मग ते विकत घेऊ आणि गाईंना, डुकरांना चारू. धान्य विकण्याऐवजी लोणी आणि मांस विकू. इंग्लंडात त्याला गिऱ्हाईक आहे.

हिशेब सोपा होता. पण तो करून दाखवायला माणसे लागतात.

२. माळरान हिरवे झाले

डेन्मार्कच्या पश्चिमेला जटलंड नावाचा भाग आहे. तेथे मैलोगणती ओसाड माळ होता. वाळूची जमीन, खुरटी झुडपे आणि समुद्रावरून येणारा बोचरा वारा. पीक म्हणून काही नाही.

एन्रिको डाल्गास हे सैन्यातले अभियंता. रस्ते बांधताना त्यांनी हा माळ पायाखाली घातला होता. १८६६ साली, म्हणजे युद्ध हरल्यानंतर दोनच वर्षांनी, त्यांनी काही लोकांना जमवून एक मंडळ काढले. गेलेला मुलूख परत मिळत नाही, तर घरातलाच ओसाड मुलूख लागवडीस आणावा, हा मंडळाचा हेतू.

मंडळाने माळावर स्प्रूस नावाची झाडे लावली. ती वाढेनात. मग त्यांच्या शेजारी डोंगरी पाइनची झाडे लावली. पाइनच्या सोबतीने स्प्रूस वाढू लागले. स्प्रूसने जोर धरला, की पाइन तोडून टाकता येई. झाडांच्या रांगांनी वारा अडला. वाळू उडायची थांबली. शेतकऱ्यांनी पाट काढले, चुन्याची माती आणून शेतात पसरली. हळूहळू माळावर शेती दिसू लागली.

मंडळ लोकांचे होते. पण सरकारने त्याला पैशाची मदत दिली, हेही लक्षात ठेवा. आधी मंडळ निघाले, माणसे कामाला लागली. मदतीला धरायला जागा झाली.

३. येडिंग गावची डेअरी

आता लोण्याकडे वळू. ज्याच्या गोठ्यात शंभर गाई, त्याचे लोणी चांगले होई आणि भावही चांगला मिळे. ज्याच्या दारी दोन-तीन गाई, त्याचे दूध थोडे. ते भांड्यात ठेवायचे, साय धरायची वाट पाहायची. तोवर काही आंबायचे. लहान शेतकऱ्याचे लोणी म्हणजे हलका माल, अशीच समजूत होती.

१८७८ च्या सुमारास दुधातून साय झटपट वेगळी काढणारे यंत्र निघाले. त्यात अनेक घरचे दूध एकत्र घालता येई. पण असे यंत्र एकट्या गरिबाला परवडणार कसे?

१८८२ साली जटलंडातील येडिंग या गावच्या शेतकऱ्यांनी मिळून डेअरी काढली. सहकारी पद्धतीची ती देशातली पहिली डेअरी मानली जाते. अशा डेअऱ्यांचे नियम साधे होते. पण ते नीट वाचा, कारण सगळी खुबी त्यांतच आहे.

पहिला नियम : घरापुरते दूध ठेवून बाकीचे सगळे दूध डेअरीलाच घालायचे. एखादा व्यापारी दोन पैसे जास्त देतो म्हणून पळायचे नाही.

दुसरा नियम : डेअरीचे कर्ज सगळ्यांचे. एक बुडाला, तर बाकीच्यांनी भरायचे.

तिसरा नियम : नफा दुधाच्या प्रमाणात वाटायचा.

चौथा नियम : मत मात्र माणसाला एकच. दहा गाईवाल्यालाही एक आणि एका गाईवाल्यालाही एक. बहुतेक डेअऱ्यांनी हाच नियम पाळला.

साय काढून घेतलेले दूध शेतकऱ्याला परत मिळे. ते डुकरांना पाजले जाई. म्हणजे एका दुधावर दोन धंदे चालले.

या गावचे पाहून त्या गावाने केले. १८९० सालापर्यंत साडेसहाशेहून अधिक सहकारी डेअऱ्या उभ्या राहिल्या. १८८७ साली जर्मनीने डेन्मार्कची जिवंत डुकरे घेणे बंद केले. त्याच वर्षी होर्सेन्स गावी शेतकऱ्यांनी सहकारी खाटिकखाना काढला आणि तयार मांस इंग्लंडला पाठवले. १८९५ साली अंड्यांची सहकारी संस्था निघाली. तेथे प्रत्येक अंड्यावर शिक्का असे. अंडे खराब निघाले, तर ते कोणाच्या घरचे हे कळे आणि त्याला दंड होई. आपल्याच माणसाला दंड करण्याचे धैर्य ज्या संस्थेत असते, ती संस्था टिकते.

४. हा विश्वास आला कोठून?

आपण म्हणाल, "गुरुजी, आमच्याकडे दोन भाऊ एका बांधावर उभे राहत नाहीत. त्यांनी एकमेकांचं कर्ज कसं अंगावर घेतलं?"

प्रश्न रास्त आहे. उत्तर शिक्षणात सापडते. ग्रुंट्विग नावाचे एक धर्मोपदेशक आणि विद्वान डेन्मार्कमध्ये होऊन गेले. मोठ्या वयाच्या शेतकरी तरुणांसाठी लोकशाळा असाव्यात, असा त्यांचा विचार. पहिली लोकशाळा १८४४ साली रॉडिंग गावी निघाली. हिवाळ्यात शेतीचे काम नसे, तेव्हा तरुण मुलगे शाळेत राहत. उन्हाळ्यात मुली येत. परीक्षा नाही, पदवी नाही. देशाचा इतिहास, भाषा, गाणी, हिशेब आणि मोकळी चर्चा. सगळे एकत्र राहत, एकत्र जेवत.

युद्धात रॉडिंग गाव शत्रूकडे गेले. तेव्हा १८६५ साली शिक्षकांनी शाळा उचलून नव्या सरहद्दीजवळ आस्कॉव्ह येथे नेली. सरहद्द मागे हटली, पण शाळा बंद पडली नाही. पुढच्या काही वर्षांत अशा शाळा देशभर निघाल्या. डेअऱ्यांचे पुष्कळ कारभारी या शाळांतून तयार झाले. ज्याला वाचता येते, त्याला जमाखर्च फसवू शकत नाही. ज्याने चार जणांत बोलायचे शिकून घेतले, तो सभेत गप्प बसत नाही.

५. मग सरकारने काहीच केले नाही का?

केले, आणि पुष्कळ केले. ते सांगितले नाही, तर ही हकीकत अर्धीच राहील.

१८१४ सालीच सरकारने मुलांना सात वर्षे शिक्षण सक्तीचे केले होते. म्हणून लोकशाळेत येणारा तरुण आधीच अक्षरओळख घेऊन येई. १८५८ साली राजधानीत शेतकीचे आणि पशुवैद्यकाचे उच्च विद्यालय सुरू झाले. तेथील प्राध्यापक फ्योर्ड यांनी दुधावर प्रयोग केले आणि कोणते यंत्र चांगले, हे पारखून सांगितले. हे काम एका गावाच्या आवाक्यातले नव्हते.

लोण्याचेच पाहा. १९०१ साली डेअऱ्यांनी चांगल्या लोण्यासाठी एक समाईक छाप ठरवली. १९०६ साली सरकारने कायदा करून परदेशी जाणाऱ्या लोण्यावर ती छाप सक्तीची केली. चाल लोकांनी पाडली, कायद्याने ती पक्की केली.

आणखी एक गोष्ट. डेअरी झाली, पण ज्याच्याकडे गाय नाही, जमीन नाही, त्या मजुराला तिचा काय उपयोग? सहकाराला तेथे हात टेकावे लागले. १८९९ साली सरकारने कायदा करून भूमिहीन मजुरांना जमीन घेण्यासाठी सवलतीचे कर्ज देऊ केले. "आपलं आपण बघावं" असे म्हणणाऱ्याने हे विसरू नये. ज्याच्यापाशी काहीच नाही, त्याला नुसते 'स्वावलंबी हो' म्हणणे म्हणजे पोहता न येणाऱ्याला काठावरून उपदेश करणे.

६. आपल्याकडचा दाखला

"तो देश वेगळा, ती माणसं वेगळी," असे कोणी म्हणेल. तर आपल्याच अहिल्यानगर, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगर, जिल्ह्यातील हिवरे बाजार हे गाव पाहा. पाऊस कमी. डोंगर बोडके. पुष्कळ लोक कामासाठी गाव सोडून जात. १८८९ नव्हे, १९८९ सालची, म्हणजे अलीकडचीच ही गोष्ट आहे. त्या वर्षी पोपटराव पवार सरपंच झाले. पुढे सरकारी योजनांच्या पैशातून डोंगरावर चर खणले, बंधारे झाले.

पण अशा योजना तर कित्येक गावांत आल्या आणि वाहून गेल्या. येथे फरक कशाने पडला? गावाने स्वतःवर नियम घालून घेतले. मोकाट चराई बंद. झाडे तोडणे बंद. दारू बंद. प्रत्येकाने श्रमदान करायचे. शेतीसाठी बोअर मारायची नाही. दरवर्षी पाऊस आणि विहिरींचे पाणी मोजायचे, आणि त्या हिशेबाने पिके ठरवायची.

बंधारा सरकार बांधू शकते. पण बंधाऱ्याचे पाणी रातोरात बोअरने कोणी उपसू नये, म्हणून प्रत्येक शेतात शिपाई उभा करता येत नाही. तेथे गावाचा शब्दच कामाला येतो.

७. तात्पर्य

आता पारावरच्या त्या दोघांकडे वळू. दोघांचेही अर्धे बरोबर आणि अर्धे चूक. सरकार मायबाप नव्हे आणि परकेही नव्हे. ते आपल्या मताचे आणि आपल्या कराच्या पैशाचे आहे. शाळा, दवाखाना, मोठा रस्ता, संशोधन, दुबळ्याचा सांभाळ, ही त्याची कामे. ती हक्काने मागावीत. लोकांनी श्रमदान केले म्हणून सरकारने अंग काढून घेऊ नये. तसेच, भूमिहीनाने खणायचे आणि बागायतदाराने पाणी घ्यायचे, असले श्रमदानही न्यायाचे नव्हे.

पण एकमेकांवरचा विश्वास, शब्द पाळणे, स्वच्छ हिशेब, आपल्या माणसाला चूक दाखवण्याचे धैर्य, या गोष्टी कोणत्याही कचेरीत अर्ज करून मिळत नाहीत. त्या गावातच पिकवाव्या लागतात. आणि त्या नसतील, तर वरून आलेला पैसा फुटक्या घागरीत ओतलेल्या पाण्यासारखा जातो.

म्हणून कोणतेही काम हाती घेताना तीन प्रश्न विचारा. यातले आपल्याशिवाय कोणी करू शकणार नाही असे काय? सरकारशिवाय होणार नाही असे काय? आणि काम झाल्यावर ते टिकावे म्हणून आपण कोणता नियम पाळणार? या तीन प्रश्नांची उत्तरे कागदावर लिहा, त्याखाली सह्या करा. अंगठे नकोत, सह्या. त्यासाठीच तर आपण हे पुस्तक वाचत आहोत.

शब्दार्थ

जकात : बाहेरून येणाऱ्या मालावरचा कर
सातू : गव्हासारखे एक धान्य, जव
समाईक : सर्वांची मिळून असलेली
खुबी : मर्म
तात्पर्य : सार

विचार करा आणि बोला

१. डेन्मार्कच्या शेतकऱ्यांनी धान्य विकण्याऐवजी काय विकायचे ठरवले? का?
२. डेअरीचे चार नियम सांगा. त्यांतला कोणता नियम पाळणे तुम्हांला सर्वांत अवघड वाटते?
३. भूमिहीन मजुरांसाठी सरकारला कायदा का करावा लागला?
४. आपल्या गावातले अडलेले एक काम निवडा. पाठातले तीन प्रश्न त्याला लावा आणि उत्तरे वहीत लिहा.